पुढल्या महिन्यांची शिल्लक

घरांत पैसा किती आहे, या प्रश्नाचें उत्तर पूर्वीं तिजोरी उघडून देतां येत असे. हल्लीं तें मोबाईल उघडून देतात, आणि तें पूर्वींइतकें खरें नसतें असें आमचें मत आहे. तिजोरींत जें दिसे तें आपलें असे; त्यावर कोणाचा हात पडावयाचा तर तो हात निदान आपल्या डोळ्यांना दिसे. बँकेच्या खात्यांत जो आंकडा दिसतो त्यावर मात्र विमा, वीज, कर्जाचा हप्ता, मुलांची फी आणि क्रेडिट कार्डाचें बिल अशा पांचसहा धन्यांनीं आपापल्या तारखा आधींच घालून ठेविलेल्या असतात. ते दार न ठोठावतां येतात आणि आपला वाटा उचलून जातात. मागाहून मोबाईलवर एक ओळ तेवढी उमटते.

आमचें घर आजऱ्याचें. हिरण्यकेशीच्या कांठच्या या गांवीं पाऊस ज्येष्ठांत लागतो तो भाद्रपदापर्यंत हटत नाहीं, आणि पावसाचे हे महिने आमच्याकडील घराला पैसा देणारे नसून घेणारे असतात. ज्या घनसाळ तांदळानें आजऱ्याचें नांव झालें, ज्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें, तो हातीं येतो कार्तिक-मार्गशीर्षांत. काजू फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. ऊस दिवाळीच्या सुमारास तुटूं लागतो. पण तुटलेला ऊस आणि खात्यांत पडलेले पैसे यांच्यामध्यें किती दिवस जातील हें कोणी सांगावें? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशांत, ऊस पोंचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे, असें आहे. अदमासाच्या कागदावर आम्ही चौदा धरीत नाहीं, चाळीस धरितों. ही कोणावर तक्रार समजूं नये; आदेश वाचणें निराळें आणि घर चालविणें निराळें, इतकाच याचा अर्थ.

उलटपक्षीं खर्चाला ऋतूची पर्वा नाहीं. शाळा-कॉलेजें जूनमध्यें उघडतात, गौरी-गणपति ऐन पावसांत येतात, आणि घरफाळा व विमा आपापल्या दिवशीं न चुकतां हजर होतात. घरांत माणसें दहा आणि मिळविणारीं चार: आमचें पेन्शन, वडील बंधु दादा यांचें शेत, आजऱ्यांतच नोकरी करणारे थोरले चिरंजीव, आणि पुण्यास असलेले धाकटे. या चौघांचीं खातीं चार बँकांत आणि दोघां चिरंजिवांचीं दोन कार्डें. पूर्वीं एकत्र कुटुंबाची कमाई एका पेटींत पडत असे व किल्ली एकाच्या कमरेला असे. आतां कुटुंब एकत्र आहे, स्वयंपाक एकत्र आहे, पण पेट्या चार झाल्या आहेत आणि एकाच्या पेटींत काय आहे हें दुसऱ्यास विचारणें असभ्यपणाचें वाटूं लागलें आहे. हा संकोच आम्हांस समजतो. तो धोक्याचाही आहे, हें पुढें येईलच.

अशा वेळीं पुढील सहा महिन्यांचा जमाखर्च आजच मांडून ठेवणें हा एक उपाय आहे, आणि तो पाश्चात्यांकडून आला असें मानण्याचें कारण नाहीं. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणांत या विषयाचा जो ऊहापोह आहे, तो कोणत्याही गृहस्थानें एकदां वाचावा असा आहे. तेथें आय तीन प्रकारचा सांगितला आहे: रोज चालू असलेला तो वर्तमान, मागील सालचा राहिलेला किंवा दुसऱ्याच्या हातून आलेला तो पर्युषित, आणि ध्यानीं मनीं नसतां आलेला तो अन्यजात. व्ययाचे चार प्रकार आहेत. रोजचा तो नित्य. पंधरवड्यानें, महिन्यानें अथवा वर्षानें येणारा त्याला तेथें लाभ म्हटलें आहे, आणि लाभ हा शब्द खर्चाच्या बाजूस पाहून पहिल्यानें वाचणारा हमखास बुचकळ्यांत पडतो. या दोहोंच्या पोटीं जे आणखी खर्च उत्पन्न होतात ते नित्योत्पादिक आणि लाभोत्पादिक. या शेवटच्या दोन नांवांसाठीं आम्ही त्या ग्रंथकाराचे ऋणी आहों. गणपतीचा खर्च सर्वजण धरतात. गणपतीस आलेल्या पाहुण्यांना परत पोंचविण्याच्या मोटारीचा खर्च कोण धरतो? आयांतून व्यय वजा जातां जें उरतें त्यास नीवी म्हटलें आहे, आणि तीही हातीं आलेली व पुढें ओढलेली अशी दोन प्रकारची. हिशेबाचें वर्ष ३५४ दिवसांचें असून तें आषाढी पौर्णिमेस संपावें असें सांगितलें आहे. म्हणजे पाऊस भरांत असतांना हिशेब पुरा! आजऱ्याच्या माणसाला यांतलें मर्म निराळें सांगावयास नको.

आपल्याकडे मराठेशाहींतही मामलतदार आपल्या मुलखावर जावयास निघाला कीं त्याच्या हातीं बेहेडा असे. येणारी जमा आणि होणारा खर्च यांचा आधींच केलेला अंदाज. वर्षअखेरीस खऱ्या आंकड्यांचा त्याच्याशीं मेळ घालीत. रोजकीर्द आणि खतावणी या झालेल्या गोष्टींच्या वह्या होत. बेहेडा न झालेल्या गोष्टींचा कागद होय. व्यापाऱ्यांच्या घरीं दिवाळींत पूजा होते ती पहिल्या दोहोंची. तिसरा कागद आमच्या घरांतून बहुधा दोन पिढ्यांमागेंच गेला असावा.

आमचा कागद कसा आहे तें सांगतों. आडव्या ओळींत तारखा आणि उभ्या रकान्यांत खातीं, आणि प्रत्येक खात्याची त्या दिवशींची शिल्लक. जी रक्कम व तारीख ठरलेली आहे ती शाईनें. जी बहुधा येईल ती पेन्सिलीनें. जमा धरावयाची ती उशिरांत उशिरां, खर्च धरावयाचा तो लवकरांत लवकर. प्रथम आम्हीं हें चौपदरी ताव चिकटवून केलें. थोरल्या सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहेत. त्यांनीं तो ताव संगणकांत उतरविला आणि शेवटीं आपल्या बुद्धीनें एक रकाना वाढविला: सहा महिन्यांतली सर्वांत कमी शिल्लक, आणि ती कोणत्या दिवशीं. आमच्या मतें साऱ्या कागदांत पाहण्यासारखी गोष्ट ती एकच. विहीर किती खोल आहे हें आषाढांत पाहून कळत नाहीं. वैशाखांत तळाशीं किती पाणी राहतें त्यावर तिच्यावर किती घरें जगतील हें ठरतें.

२०२५ सालचे आंकडे उघडपणें देतों. २० ऑगस्ट रोजीं आमच्या खात्यांत ३८ हजार, दादांच्या खात्यांत ६१ हजार आणि थोरल्यांच्या खात्यांत २७ हजार अशी एकूण १ लाख २६ हजार शिल्लक होती. पुण्याचें खातें यांत धरलेलें नाहीं. सव्वा लाख शिल्लक आहे असें घरांत जो तो म्हणत होता, आणि तें खोटें नव्हतें. आतां पुढें पाहा. महिनाअखेरपर्यंत गणपतीचे रोख १५ हजार आणि किराणा-दूध-औषधांचे ९ हजार. राहिले १ लाख २ हजार. सप्टेंबरच्या आरंभीं पेन्शनचे ३४ हजार जमा. ५ तारखेस विम्याचे २४ हजार ६००. ७ तारखेस कार्डाच्या बिलाचे ४६ हजार ५००. मागाहून थोरल्यांचा पगार २९ हजार. १० तारखेस नातीच्या वसतिगृहाचा दुसरा हप्ता ४० हजार, आणि पहिल्या पंधरवड्याचा घरखर्च १५ हजार. महिन्याच्या मध्यावर सव्वा लाखाचे उरतात ३८ हजार ९००. पेन्शन दोन आठवडे लांबलें, आणि तें कधींकधीं लांबतें, तर उरतात ४ हजार ९००.

हें झालें सर्व खात्यांचें मिळून. खातें खातें पाहूं गेल्यास आणखी एक खड्डा दिसला. कार्डाचें बिल आपोआप वळतें होतें तें थोरल्यांच्या खात्यांतून, आणि तेथें होते २७ हजार. त्यांचा पगार ७ तारखेस होतो. पण ७ सप्टेंबरला रविवार आला होता. पगार देणारी कचेरी रविवारीं बंद. आपोआप पैसे वळविणारी राष्ट्रीय यंत्रणा मात्र १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारींही चालते. तेव्हां घेणारा हजर आणि देणारा गैरहजर असा तो दिवस होता. त्या रात्रीं खग्रास चंद्रग्रहणही होतें, आणि पंचांगकर्त्यांनीं त्याचा स्पर्श-मोक्ष मिनिटांसह आगाऊ छापलेला होता. सूनबाईंनीं ४ तारखेसच दादांच्या खात्यांतून २० हजार इकडे वळते केले.

क्रेडिट कार्डाविषयीं आमच्या वयाच्या मंडळींत दोन टोकाचीं मतें आढळतात: तें पाप आहे, किंवा तें फुकट आहे. दोन्ही बरोबर नाहींत. महिन्याच्या एका ठराविक दिवशीं बिल निघतें, त्यानंतर सुमारें वीस दिवसांनीं तें भरावयाचें असतें. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीं केलेल्या खरेदीस पन्नास दिवस सवड मिळते. बिलाच्या आदल्या दिवशीं केलेलीस एकवीसच. १८ ऑगस्टनंतर आम्हीं गणपतीकरितां कार्डावर जें १४ हजारांचें सामान आणलें, तें १८ सप्टेंबरच्या बिलांत शिरून ८ ऑक्टोबरला भरावयाचें झालें. हा काळ बिनव्याजी खरा, पण संपूर्ण बिल भरणाऱ्यालाच. एक रुपयाही मागें ठेवाल तर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागूं होतें आणि नव्या खरेदीचीही सवड जाते. दर सामान्यतः महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सालीना चाळीसाच्या वर. तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित प्रथा होय असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं दिला होता. सर्वोच्च न्यायालयानें तो २० डिसेंबर २०२४ रोजीं रद्द ठरविला. तेव्हां त्या बाजूनेंही आतां आडोसा नाहीं.

आम्हांस सर्वांत खटकतो तो एक शब्द. कार्डाच्या पानावर, अजून किती उधार मिळेल, त्या आंकड्यास ‘उपलब्ध रक्कम’ म्हणतात. ब्रह्मगुप्तानें ६२८ सालीं धन आणि ऋण यांचे नियम स्वतंत्र सांगून ठेविले. शून्यांतून धन वजा केलें म्हणजे ऋण होतें, हें त्याच्याकडून शिकलेल्या देशांत ऋणाला ‘उपलब्ध’ म्हणावें हें नवल आहे! गोपाळ कृष्ण गोखले यांचें अंकगणित कित्येक पिढ्यांनीं शाळेंत गिरविलें. ते स्वतः शिकले आमच्याच बाजूस, कागल व कोल्हापूर येथें. त्यांचे चरित्रकार सांगतात कीं, विद्यार्थिदशेंत एका मित्रानें त्यांना नाटकास नेलें. तें आमंत्रण असें समजून ते गेले, आणि मागाहून मित्रानें तिकिटाचे दोन आणे मागितले. ते दिले आणि ती भर काढण्याकरितां दिव्याचें तेल बंद करून रस्त्यावरील कंदिलाखालीं अभ्यास केला. नाटक आधीं आणि मागणी मागाहून, ही कार्डाची सारी रीत यांत आली. मात्र गोखल्यांनीं तिकिटाची ‘किमान रक्कम’ देऊन बाकीची पुढें ढकलली नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावासा वाटला ती. कागद पुरा करावयाचा तर चौघांच्याही ओळी हव्यात, म्हणून पुण्याच्या चिरंजिवांकडून त्यांच्या सहा महिन्यांच्या ओळी मागविल्या. त्यांनीं त्या निमूट पाठविल्या. कार्डाच्या बिलापुढें दर महिन्यास नऊ हजारांच्या आसपास आंकडा होता. आम्हांस त्यांत कांहीं दिसलें नाहीं, आणि दिसण्याचें कारणही नव्हतें. सूनबाई मात्र त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. खरेदीचें बिल कधीं चार हजार तर कधीं पंधरा हजार असें उड्या मारीत असतें. हें तर एका जागीं चिकटून होतें. नऊ हजार हे एक लाख ऐंशी हजारांचे पांच टक्के होत, आणि पांच टक्के ही बहुतेक ठिकाणीं किमान भरण्याची रक्कम. त्यांनीं ही गोष्ट प्रथम आम्हांस सांगितली नाहीं. दिरांना फोन करून एकांतीं विचारलें. त्यांचा हा विवेक आम्हांस त्यांच्या गणितापेक्षांही अधिक मोलाचा वाटतो.

गोष्ट खरी होती. आदल्या वर्षीं चिरंजिवांची नोकरी तीन महिने सुटली होती. घराचें भाडें, मुलाची फी आणि धान्यसुद्धां कार्डावर झालें. नवी नोकरी मिळाली तरी तें ऋण तसेंच राहिलें. १ लाख ८० हजारांवर साडेतीन टक्क्यांनीं महिन्याचें व्याज ६ हजार ३००; व्याजावर अठरा टक्के कर १ हजार १३४. नऊ हजार भरल्यावर मुदलांत जात १ हजार ५६६. एक होतकरू माणूस दर महिन्यास नऊ हजार भरतो आणि दीड हजारानें हलका होतो! त्या तीन महिन्यांत ते दोनदां आजऱ्यास येऊन गेले होते, आंबे घेऊन गेले होते, आणि कोणास कांहीं बोलले नव्हते. विचारलें असतां म्हणाले, “दादाकाकांचे डोळे करावयाचे आहेत, ताईचें वसतिगृह आहे, मीं आणखी काय मागावें?”

यावर रागावणें सोपें होतें. पण चार पेट्या करून प्रत्येकाच्या हातीं एकेक किल्ली देणारे आम्ही वडीलधारेच; मग पेटी रिकामी झाली तर ती दाखविण्याची सोय कोठें होती?

घरांत बसून विचार झाला. दादांचें म्हणणें, आपल्या खात्यांतले साठ हजार द्यावे आणि डोळे पुढल्या वर्षीं पाहावे. दादांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु. चातुर्मासांत पोथी आम्हीं वाचावयाची आणि त्यांनीं ऐकावयाची, असें दोन वर्षें चाललें होतें. वहिनी उठल्या, आंत गेल्या आणि पाटल्या आणून कागदावर ठेविल्या. सोनें तारण ठेवून सुमारें दहा टक्के सालीना दरानें कर्ज मिळतें. १ लाख ८० हजारांवर पहिल्या महिन्याचें व्याज पंधराशें. चिरंजिवांनीं नऊऐवजीं बारा हजार पाठविले तर सुमारें सोळा महिन्यांत पाटल्या सुटतात. हीं सोळा ओळींचीं नांवें त्याच रात्रीं कागदावर चढलीं. सोनें विकावें असेंही कोणी सुचविलें. त्यास आम्हीं विरोध केला. तारण ठेवलेलें सोनें माघारीं येण्याची तारीख असते. विकलेल्याची नसते.

राहिले दादांचे डोळे. एका डोळ्याचा खर्च २८ हजार सांगितला होता. सप्टेंबरच्या तळांत तो बसत नव्हता, हें वर दिसलेंच आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत पेन्शन व पगार येऊन, ८ तारखेचें बिल व पंधरवड्याचा घरखर्च जाऊन ५२ हजार ९०० उरत होते. डोळ्याचे २८ हजार काढले तर २४ हजार ९००, आणि २१ तारखेस लक्ष्मीपूजन. दिवाळीच्या ओळींत १८ हजार धरलेले होते. दादा म्हणाले, दिवाळी होऊन जाऊं द्या. वहिनींनीं आमच्या हातांतली पेन्सिल घेतली आणि कपड्यांच्या दहा हजारांवर काट मारली. पेन्शन लांबलें तर मुदतीची एक लहान ठेव मोडावी, असें समासांत लिहून ठेविलें. १० ऑक्टोबरला उजवा डोळा झाला. पेन्शन वेळेवर आलें. ठेव मोडावी लागली नाहीं. डावा डोळा उसाच्या ओळीखालीं जानेवारींत घातला.

थोरल्यांच्या कार्डाची बिलाची तारीखही आम्हीं बदलून घेतली. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणें बिलाचें चक्र निदान एकदां बदलून मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. आतां बिल पगारानंतर आठ दिवसांनीं भरावयाचें येतें, मग ७ तारीख रविवारीं येवो अथवा सोमवारीं.

आमच्या एका स्नेह्यांचा या साऱ्यावर आक्षेप आहे. ते म्हणतात, पुढचें कोणी पाहिलें आहे? आजारपण, मृत्यु, अवकाळी पाऊस हे तुमच्या कागदावर येत नाहींत. खरें आहे, येत नाहींत. पण ज्या गोष्टी पांच वर्षें आधीं पंचांगांत छापून येण्यासारख्या असतात त्याही आम्ही अकस्मात् आल्या म्हणून उसनवारी करतों, त्याचें काय? धोंड्याचा महिनाच घ्या. सुमारें बत्तीस-तेहतीस महिन्यांनीं तो यावयाचाच. २०२३ सालीं अधिक श्रावण होता. शके १९४८ मध्यें अधिक ज्येष्ठ, त्याचा आरंभ १७ मे २०२६. पुढचा २०२९ सालीं अधिक चैत्र. जांवयाला चांदीचें ताट द्यावयाचें, तेहतीस अनारसे द्यावयाचे, हें लेकीच्या लग्नाच्या दिवशींच ठरलेलें असतें. तरी महिना लागला कीं सराफाच्या दुकानीं गर्दी आणि घरांत धांवपळ. यांत अवकाळी तें काय?

अदमास चुकतो, हेंही सांगितलें पाहिजे. आमच्या कागदावर दिवाळीनंतर वीज-बिल दीड हजार धरलें होतें, आलें एकवीसशें. घनसाळाला धरल्यापेक्षां भाव बरा मिळाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं जेवणानंतर सूनबाई संगणक घेऊन माजघरांत बसतात आणि खरे आंकडे अदमासाशेजारीं भरतात. पुण्याचे चिरंजीव त्या वेळीं फोनवर असतात. आपली ओळ ते आतां स्वतः मोठ्यानें वाचून दाखवितात. दादा उजव्या डोळ्यानें पडद्यावरचे आंकडे ओळखतात व एखादा चुकला तर हटकतात. वहिनींना त्यांतलें कांहीं नको असतें. पाटल्यांच्या किती ओळी राहिल्या, एवढेंच त्या विचारतात.